स्टब करू की एनएसएसए?

प्रश्न: ब्रांचचे जुने राउटर ओएसपीएफच्या (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) रूट्सनी भरून गेलेत, एरिया १० (ब्रांचचा नेटवर्कमधला भाग) स्टब, म्हणजे बाहेरचे रूट्स आत न घेणारा, करू का? तिथे काही स्टॅटिक (हाताने दिलेले) रूट्स ओएसपीएफमध्ये रिडिस्ट्रिब्यूट केलेत, म्हणजे घातलेत.

उत्तर: मग स्टब नकोच, स्टबमध्ये टाइप ५ एलएसए (ओएसपीएफबाहेरून आलेल्या रूट्सची माहिती देणारा संदेश) चालत नाही त्यामुळे ते स्टॅटिक रूट्स बाहेर जाणारच नाहीत. एनएसएसए (असे रूट्स घालू देणारा स्टबचा प्रकार) घ्या, तिथे ते टाइप ७ म्हणून फिरतात आणि एबीआर (एरियाच्या सीमेवरचा राउटर) त्यांचं टाइप ५ करून पुढे पाठवतो. सिस्को असेल तर एबीआरवर 'एरिया १० एनएसएसए नो-समरी' टाका, टाइप ३ (दुसऱ्या एरियांचे रूट्स) पण थांबतात आणि डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्यासाठीचा एकच रस्ता) आपोआप येतो, नुसत्या एनएसएसएमध्ये तो येत नाही बरं का, वेगळा द्यावा लागतो. आतल्या राउटरवर फक्त 'एरिया १० एनएसएसए' पुरे, पण एकही सुटला तर त्याची नेबरशिप (शेजारच्या राउटरशी ओएसपीएफची जोडणी) तुटते, म्हणून हे ऑफिस सुटल्यावरच करा.