खाऱ्या पाण्याचा टँक : थवा फुटतो तेव्हा

प्रश्न : माझा टँक ४ × १.५ × १.५ फुटांचा आहे. दीड महिन्यापूर्वी त्यात ७ ग्रीन क्रोमिस (छोटे हिरवट समुद्री मासे) सोडले. सुरुवातीला सगळे एकत्र फिरायचे, फार सुंदर दिसायचं. आता प्रत्येकाची दिशा वेगळी. एक कायम ओव्हरफ्लोच्या (पाणी टँकबाहेर गाळायला जातं त्या कप्प्याच्या) मागे दडून असतो आणि गेल्या आठवड्यात एक मेलेला सापडला. पाण्याच्या चाचण्या ठीक येतात. थवा का मोडला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सुरुवातीला तुम्हाला दिसलेला थवा भीतीचा होता. क्रोमिस अंगाला अंग लावून, एकाच दिशेला तोंड करून पोहतात ते धोका जवळ आहे असं वाटतं तेव्हा. लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांवर निवांत वेळी हेच मासे फांद्यांच्या प्रवाळावर सैलसर पसरून प्रवाहाबरोबर येणारं प्लवक (तरंगते सूक्ष्म जीव) टिपत असतात. मोठा मासा फिरकला की क्षणात घट्ट होतात आणि फांद्यांत शिरतात. नवा टँक, काचेपलीकडच्या हलत्या सावल्या, यांमुळे पहिले काही दिवस धोका कायमचाच वाटतो. सवय झाली की थवा सैलावतो. एवढंच झालं असतं तर आनंद मानायला हवा होता.

पण तुमच्याकडे पुढचा टप्पा सुरू झाला आहे. भीती ओसरली की मोठा कोण, धाकटा कोण हे ठरू लागतं. समुद्रात घोळका डझनावारी, कधी शेकड्याने असतो, त्यामुळे वरच्या माशाचा राग अनेकांवर विभागला जातो आणि मार खाणारा शेजारच्या प्रवाळावर निघून जातो. तुमच्या टँकची क्षमता २५५ लिटर. दगड वजा जाता पाणी जेमतेम २१०-२२० लिटर भरेल. तिथून निघून जायला वाट नाही. सगळ्यात खालचा मेला की त्याच्या वरचा खालचा होतो आणि मार त्याच्याकडे वळतो. ‘क्रोमिस एकेक करून कमी होतात’ ही सगळ्या हौशींची तक्रार, ती यामुळे.

आधी नक्की काय चाललंय ते पाहा. टँकसमोर उभे राहिलात तर मासे तुमच्याकडे, म्हणजे खाण्याकडे, लक्ष देतात आणि भांडण थांबतं. फोन स्टँडवर लावून खोलीबाहेर जा आणि २० मिनिटांचं चित्रण करा. वेळ निवडा दिवे मंद होतानाची, कारण खरी मारामारी झोपायच्या जागेवरून होते. क्रोमिस रात्री फांद्यांच्या बेचक्यात झोपतात. गोलसर लाइव्ह रॉकच्या (सूक्ष्म जीव वसलेल्या समुद्री दगडांच्या) ढिगात तशा जागा दोन-चारच निघतात, आणि सहा माशांना त्या पुरत नाहीत. चित्रणात तीन गोष्टी शोधा : कोण कोणाचा पाठलाग करतो, कोणाची शेपटी फाटली आहे, आणि खाणं टाकल्यावर कोण बाहेर येत नाही.

उपाय याच क्रमाने करा. दडलेल्या माशाला नव्हे, मारणाऱ्याला पकडून भोकं पाडलेल्या ॲक्रिलिकच्या डब्यात, टँकमध्येच, ७ ते १० दिवस ठेवा. दुबळ्याला वेगळं केलंत तर परतल्यावर तो पुन्हा तळाशीच जातो. तेवढ्या काळात दगडांची मांडणी बदला आणि फांद्यांचे प्रवाळ, खरे किंवा कृत्रिम, निदान तीन ठिकाणी, एकमेकांपासून दूर बसवा. खाणं दिवसातून एकदा मूठभर देण्याऐवजी तीन-चार वेळा थोडंथोडं, वेव्हमेकरच्या (टँकमध्ये लाटा-प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात सोडा, म्हणजे ते सगळीकडे पसरेल आणि एकाला राखण करता येणार नाही. संख्या भरून काढायला एक-दोन नवे मासे आणू नका, तेच नवे बळी ठरतात. आणायचेच तर चार-पाच, एकाच मापाचे, क्वारंटाइन संपवून एकदम सोडा. मात्र या टँकमध्ये इतर मासेही असतील, तर आहेत तेवढ्यांवर समाधान मानावं असं आमचं मत आहे.

मेलेल्या माशाचं अंग कसं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. पंख फाटलेले, खवले ओरबाडलेले असतील तर मारामारी. पंख शाबूत, पण कुशीवर लालसर चट्टा, खवले उचललेले, श्वास जलद आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असं असेल तर युरोनेमा. हा एकपेशीय जीव क्रोमिसमध्ये वारंवार आढळतो. आजारी मासा घोळका सोडतो, म्हणून दुरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. युरोनेमावर तांब्याचं औषध लागू पडत नाही. टँकच्याच १० लिटर पाण्यात फॉर्मेलिन (३७ टक्के फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) १.५ मिली, जोरात हवा सुरू ठेवून ४५ मिनिटं स्नान, आणि मग वेगळा टँक. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते फॉर्मेलिन वापरू नका, तो साका माशांना फार विषारी असतो. पाणी २७ अंशांच्या वर असेल तर आधी थंड करा. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. ही वाफ माणसालाही वाईट. व्रण खोल गेला असेल तर मात्र मासा क्वचितच वाचतो.

प्रश्न : पाच लायरटेल अँथियस होते, एक नर आणि चार माद्या. नर उडी मारून मेला. त्यानंतर माद्यांचा घोळका पार विस्कटला. मोठी मादी बाकीच्यांच्या मागे लागते आणि तिचा केशरी रंगही मळकट दिसतो. आजारी आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, ती नर होते आहे. या जातीत सगळे मासे मादी म्हणूनच वाढतात. नर नाहीसा झाला की सर्वांत वरची मादी काही दिवसांतच नरासारखी वागू लागते, आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीरही बदलतं. केशरी रंग जाऊन जांभळट-गुलाबी येतो, छातीच्या पंखावर गडद ठिपका उमटतो आणि पाठीच्या पंखाचा तिसरा काटा लांबतो. रंग मळकट दिसतो तो या मधल्या अवस्थेत. घोळका विस्कटतो कारण नवा नर आपली जागा ठसवत असतो. ती स्थिर झाली की बाकीच्या तिघी पुन्हा त्याच्याभोवती जमतात.

मध्ये हात घालू नका, नवा नर तर मुळीच आणू नका. दोन माद्या एकाच वेळी बदलू लागल्या आणि दोघींची मापं सारखी असली तरच अडचण येते. मग एकीला दुसरं घर शोधावं लागतं. या काळात खाण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. अँथियस दिवसभर टिपणारा मासा आहे. दिवसातून तीन-चार वेळा मायसिस आणि सायक्लॉप्स (कोळंबीच्या वर्गातले बारीक जीव) द्या. डोक्यामागची पाठ निमुळती, धारदार दिसू लागली तर ती मादी उपाशी आहे. तिच्या लपण्याच्या जागेपाशी पिपेटने खाणं सोडा. टँकवर जाळी आजच बसवा, पाठलागात अँथियस हमखास उडी मारतात.

प्रश्न : सकाळी दिवे लागायच्या आधी सगळे मासे, टँग, क्लाउन, कार्डिनल, वरच्या कोपऱ्यात एकत्र जमलेले असतात. दिवसा पांगतात. हा थवा म्हणायचा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा थवा नव्हे. वेगवेगळ्या जातींचे मासे वरच्या बाजूला, रिटर्न पाइपच्या (गाळलेलं पाणी परत आणणाऱ्या नळीच्या) तोंडाशी गर्दी करतात ती प्राणवायूसाठी. रात्री शेवाळ आणि प्रवाळही तो वापरतात, त्यामुळे पहाटे पातळी सर्वांत खाली असते. २५ अंशांच्या समुद्री पाण्यात तो लिटरला सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. उन्हाळ्यात म्हणून त्रास वाढतो, पण तापमानाने पडणारा फरक तसा थोडाच आहे. बहुतेक वेळा दोष पृष्ठभागाचा असतो : वर तेलकट साय, काचेचं घट्ट झाकण, वेव्हमेकर खाली वळलेला.

वेव्हमेकर इतका वर करा की पाण्याचा पृष्ठभाग स्पष्ट डहुळेल. काचेऐवजी जाळी टाका. स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी काढून तिच्या आत बघा. टोकाला मिठाची पांढरी गाठ धरते आणि स्किमर आवाज करत असला तरी हवा ओढत नाही. नळी कोमट RO पाण्यात दहा मिनिटं ठेवली की गाठ विरघळते. वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप घ्या, पाणी थंड करणाऱ्या चिलरपेक्षाही आधी. एवढं करूनही दुसऱ्या सकाळी गर्दी तशीच राहिली, मासे प्रवाहात तोंड खुपसून भराभर कल्ले हलवत असले आणि अंगावर सोनेरी धुरळा दिसला, तर तो व्हेल्व्हेट हा परजीवीचा आजार आहे. मग दिवस न घालवता सगळे मासे वेगळ्या टँकमध्ये हलवा आणि चाचणी-किटने मोजत तांब्याचा उपचार सुरू करा. प्रवाळ-कोळंबी असलेल्या टँकमध्ये तांबं कधीच टाकू नये.

प्रश्न : कायम थव्यातच राहील असा मासा कोणता? दुकानात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मरळीसारख्या पिल्लांचा गोळा पाहिला, तो घ्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ती पट्टेरी ईल-कॅटफिशची पिल्लं आहेत. ती घेऊ नका. पिल्लं असेपर्यंतच गोळा घट्ट राहतो. वाढ ३० सेंटिमीटरपर्यंत जाते, मोठे मासे पांगतात, आणि पाठीच्या व छातीच्या पंखांतले काटे विषारी असतात. टँकमध्ये हात घालताना काटा लागला तर दवाखाना गाठावा लागतो.

टँक ६ फुटांचा असेल तर मोनो घ्या. आपल्याकडच्या खाड्यांतही सापडणारा हा चंदेरी, चपटा मासा मोठा झाल्यावरही घोळक्यातच राहतो. पाच-सहापेक्षा कमी ठेवले तर बुजतो आणि एकमेकांना टोचतो. २० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, हे लक्षात घेऊन जागा ठेवा. लहान टँकमध्ये पायजमा कार्डिनल पाच ठेवा. सैलसर, पण एकत्र तरंगत राहतात. बांगाई कार्डिनलचा घोळका मात्र टाळा. त्यांची एक जोडी जमली की ती बाकीच्यांना जगू देत नाही.