पट कमी झाला तर माझं काय?

एक मेला निकाल वाटून झाले की शिक्षकांना सुट्टी लागते, असं बाकीच्या जगाला वाटतं. मी समुपदेशक आहे आणि माझ्याकडे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांची वर्दळ नेमकी तेव्हाच सुरू होते. झोप नाही, पित्त उसळतंय, घरच्यांवर उगाच ओरडणं होतंय, अशा तक्रारी असतात. चार वाक्यं झाली की खरं ते बाहेर पडतं. "यंदा पहिलीला पोरंच नाहीत, मॅडम. पट कमी झाला तर माझं काय?"

ज्यांचा या खात्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ३० सप्टेंबरला पटावर जितकी मुलं असतात त्यावरून संचमान्यता होते, म्हणजे त्या शाळेला शिक्षक किती मिळणार हे ठरतं. आकडा घसरला की एक जण अतिरिक्त ठरतो. मार्च २०२४ मध्ये निकष बदलले, तेव्हापासून 'वीस' हा आकडा लहान शाळांच्या शिक्षकांच्या तोंडून उतरतच नाही, कारण पट वीसच्या वर नसला की दुसऱ्या शिक्षकाचं पद धोक्यात येतं. विदर्भ सोडला तर राज्यभर शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात आणि त्याआधीची सगळी धावपळ याच माणसांनी करायची असते. अंगणवाडीतून दाखलपात्र मुलांची यादी आणा, घरोघरी फिरा, २०२२ पासून सुरू झालेले शाळापूर्व तयारी मेळावे भरवा, पुस्तकं केंद्रशाळेतून उचलून आणा, गणवेशाची मापं घ्या, पाण्याची टाकी धुऊन घ्या, आधारची नोंद जुळवा आणि या सगळ्याचे फोटो ग्रुपवर टाका. इतकं करून मूल दुसऱ्याच शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून जाणार नाही याची हमी कोण देणार?

वैशालीबाई अशाच आल्या. नाव बदललंय, ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. शाळा सांगली जिल्ह्यात, खानापूर-आटपाडीच्या बाजूला, दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. त्या भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगलेली. यात्रेला गाव भरतं आणि यात्रा झाली की म्हातारी माणसं तेवढी उरतात. अशा गावात पट टिकवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून एक डायरी काढली. एका पानावर मुलांची नावं होती, पेन्सिलीनं लिहिलेली. येणार, नाही येणार, बघू म्हणाले, अशा खुणा. नावं इतक्या वेळा खोडून परत लिहिली होती की एका जागी कागद झिजून फाटला होता आणि त्या भोकातून मागच्या पानावरचा शाळेच्या दुरुस्तीचा हिशोब दिसत होता. रात्री तीनला जाग येते, म्हणाल्या. मग उठून परत बेरीज करायची. गेल्या वर्षी बावीस होते, चौथीचे सात गेले, उरले पंधरा.

"पहिलीला किती आले पाहिजेत?" मी विचारलं.

"सहा तरी आलेच पाहिजेत."

"आणि नाही आले तर?"

"मग इतकी वर्षं मी काय केलं, मॅडम?"

माझे कान टवकारले ते इथं. 'बदली होईल', 'लांब जावं लागेल' असं त्या म्हणाल्या असत्या तर बोलणं वेगळं झालं असतं. त्यांनी थेट स्वतःच्या सगळ्या नोकरीचाच निकाल लावला होता. माझं काम अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर उभं आहे आणि त्या वाटेनं जाणाऱ्याला एक सवय लागते. माणूस घटनेबद्दल बोलतोय की त्या घटनेवरून स्वतःला दिलेल्या शिक्षेबद्दल, हे आधी पाहायचं. दीर्घ श्वास, कोमट पाणी, झोपण्याआधी मोबाईल लांब, हे मीही सांगते. त्यानं रात्र जरा बरी जाते. पण आतला खटला चालूच राहतो.

पुढच्या भेटीला त्यांना अंगणवाडीची यादी आणायला सांगितली. आम्ही दोघी एकेक नाव घेऊन बसलो. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारी मुलं मुळात सातच होती. त्यातली दोन आईबापांबरोबर कोइमतूरला गेलेली. एकाची आई माहेरी. एकाचं नाव तालुक्याच्या इंग्रजी शाळेत आधीच लागलेलं. उरली तीन. म्हणजे रात्री तीनला उठून वैशालीबाई जे सहा मोजत होत्या, ते सहा गावात नव्हतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघालाय, एका बाईमागे सरासरी दोनाहूनही कमी मुलं. त्यात स्थलांतराची भर. यातलं काय एखाद्या शिक्षिकेच्या हातात आहे?

आणखी एक वस्तुस्थिती त्यांना माहीत होती, पण भीतीत मागं पडली होती. जिल्हा परिषदेचा नियमित शिक्षक अतिरिक्त ठरला की त्याचं समायोजन होतं, दुसरी शाळा मिळते. गैरसोय होते, कधी मोठी होते, पण नोकरी जात नाही. हे मोठ्यानं बोलून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते, कारण मनातल्या मनात 'शाळा बदलणं' आणि 'रस्त्यावर येणं' एकाच खणात जाऊन पडतात.

इतकं झाल्यावर एखाद्याची झोप परत येते. वैशालीबाईंची आली नाही. उलट त्या जास्तच अवघडल्यासारख्या बसल्या. हिशोब चुकीचा होता हे पटलं, तरी काहीतरी टोचतच होतं.

मग मी यादीवरच्या घरांबद्दल विचारलं. कुणाकडे गेलात? कोण काय म्हणालं?

"फोन केले सगळ्यांना."

"गेला नाहीत?"

"एका घरी गेले होते. मग नाही गेले."

सतरा वर्षं वाड्यावस्त्या तुडवलेली बाई एका घरानंतर थांबते, याला काहीतरी कारण असतं. मी त्यांना त्या घराच्या दारात परत नेलं. कोण होतं, कुठं बसलात, काय बोलणं झालं. मुलाची आई शेंगा फोडत बसली होती. तिनं पाणी दिलं. वैशालीबाईंनी नेहमीचं सगळं सांगितलं, मोफत पुस्तकं, गणवेश, शाळेत मिळणारा आहार, इंग्रजी पहिलीपासूनच आहे. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "बाई, तुमचं पोरगं कुठल्या शाळंत हाय?"

माझ्यासमोर बसलेल्या वैशालीबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांचा मुलगा तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत होता.

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हणाले, तालुक्यालाच असतो. आणि उठले. पाणीसुद्धा प्यायले नाही."

मी जरा थांबले. घाई करायची नसते. मग माझा एक आवडता प्रश्न विचारला. तो कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, कामातूनच हाताशी आला आणि अजून फारसा वाया गेलेला नाही. "तिनं विचारलं ते कळलं. तुम्ही ऐकलं काय?"

उत्तर यायला वेळ लागला. पण आलं ते स्वच्छ होतं. "मी ऐकलं की तुझाच तुझ्या शाळेवर भरवसा नाही, मग आमचं पोर कुठल्या तोंडानं मागतेस."

"आहे का भरवसा?"

या प्रश्नावर त्या चिडल्या. मला तेच हवं होतं. "माझ्या वर्गातली मुलं वाचतात, मॅडम. दुसरी संपेपर्यंत सगळी वाचतात. ऊसतोडीवरून डिसेंबरात आलेली मुलगीसुद्धा मार्चमध्ये गोष्ट वाचत होती. या, बघा येऊन."

"मग मुलाला तिकडे का घातलं?"

"सासूबाईंच्यानं त्याला माझ्याबरोबर स्कूटरवरून जाणं बघवेना. मी सकाळी निघते ती संध्याकाळी येते. ती बस दारात येते. शिवाय माझी बदली झाली तर त्याची शाळा दरवेळी कुठं बदलायची? आणि खरं सांगू, ह्यांचीही हौस होती."

"हे त्या बाईंना सांगता आलं असतं?"

वैशालीबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग एकदम हसल्या. खळखळून नाही, पण खरंच हसल्या. "तिचीपण हीच कारणं असणार की हो."

समुपदेशकाला असा क्षण वरचेवर मिळत नाही आणि मिळाला की तो विसरतही नाही. तोवर ती शेंगा फोडणारी बाई त्यांच्या मनात न्यायाधीश होऊन बसली होती. आता ती परत आई झाली, त्यांच्यासारखीच, गाडी दारात येते का आणि घरी कोण सांभाळणार हे बघणारी. पटाच्या सगळ्या बेरजा या एका लाजेवर पांघरूण घालायला चालल्या होत्या. सहा मुलं आली असती तर त्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागलं नसतं.

शिक्षकांनी आपली मुलं कुठल्या शाळेत घालावीत यावर मला मत आहे. पण समुपदेशनाच्या खुर्चीत बसून ते सांगायचं नसतं, म्हणून इथंही सांगत नाही. एवढंच म्हणेन की ज्या उत्तराची आपल्याला लाज वाटते, ते आधी स्वतःशी पूर्ण वाक्यात बोलून बघावं. अर्ध्यावर सोडलेलं वाक्यच रात्री जागवतं.

वैशालीबाई त्या घरी परत गेल्या. काय बोलायचं याचा सराव आम्ही केला होता, पण ऐनवेळी त्या स्वतःच्या पद्धतीनंच बोलल्या आणि ते चांगलंच झालं. मुलगा कुठं आहे, का आहे, सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "माझ्या वर्गात तुमचं पोरगं वाचायला शिकेल एवढं मी सांगू शकते, पुढचं तुम्ही बघा." इंग्रजी शाळेत आधीच नाव लागलेलं मूल ते हेच, ते त्यांच्या शाळेत आलं नाही. बाई म्हणाली, "गाडी दारात येती ओ, माझं एकटीचं जमत न्हाय." पण तिनं चहा केला आणि वैशालीबाईंनी तो घेतला. उरलेली घरं त्यांनी दोन दिवसांत पायी पूर्ण केली. शाळा उघडली त्या दिवशी पहिलीत तीन मुलं होती. तिघांचं औक्षण झालं, तिघांच्या हातात बालभारतीची पुस्तकं पडली, प्रभातफेरीत तिघं सगळ्यांच्या पुढे. झोप त्याच्या आधीच रुळावर आली होती.

मला रोज भेटणाऱ्या शिक्षकांना यातून काय घेता येईल? मूल मागायला जाताना आपली चाचणी चालू आहे असं धरून जाऊ नका. फोनवर 'बघू' म्हणणं सोपं असतं, दारात आलेल्या माणसाशी लोक खरं बोलतात आणि ते खरं आपल्या बाजूचं नसलं तरी कल्पनेपेक्षा हलकं असतं. जास्त मुलं यावीत असं वाटणं अगदी रास्त आहे. ती आली नाहीत तर मी कुचकामी, हा मात्र हट्ट आहे आणि त्या हट्टाला ३० सप्टेंबरपर्यंत काय, निवृत्तीपर्यंत पोट भरता येत नाही. यादी करायची तर खऱ्या मुलांची करा, दिवसा करा आणि एकदाच करा. रात्री डायरी कपाटात. ग्रुपवरचे संदेश संध्याकाळी अमुक वेळेनंतर बघायचे नाहीत, असं मी सांगते तेव्हा 'वरून लिंक येते, लगेच भरावी लागते' हे उत्तर ठरलेलं असतं. भरावी लागते हे खरं. पण रात्री साडेअकराला आलेली लिंक सकाळी सातला भरल्यानं कुणाची वेतनवाढ थांबल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

घरच्यांनी 'सरकारी नोकरी आहे, तुला कसली काळजी' हे वाक्य मे महिन्यात तरी बंद ठेवावं. माणूस पगाराची काळजी करत नसतो, हे आता कळलं असेल. त्यापेक्षा "आज कुणाच्या घरी गेला होतात?" असं विचारावं आणि ऐकावं.

केंद्रप्रमुखांना आणि वरच्या साहेबांना एक विनंती. नवागतांच्या आकड्यांची शाळावार क्रमवारी ग्रुपवर टाकू नका. तळाच्या शाळेच्या गावात मुलंच जन्मली नसतील, पण ती यादी वाचणाऱ्या बाईला तसं दिसत नाही. हवं तर दाखलपात्र किती होती आणि आली किती, हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी टाका. वैशालीबाईंची शाळा त्या हिशोबात बरीच वर गेली असती.

आणि हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे झोप उडालेलीच राहिली, जेवण सुटलं, वर्गात गेल्यावर छाती धडधडू लागली किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर शाळा सुरू होण्याची वाट बघत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.