सोलापुरात खासगी दवाखान्यातील उपचार आणि सार्वजनिक आरोग्याचे काम यांची सांगड कोठून सुरू करावी?

माझ्या मते क्षयरोगापासून, कारण २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे. पूर्व भागातील एखादी विडी कामगार दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला घेऊन गल्लीतल्या दवाखान्यात आली, तर डॉक्टर थुंकीची तपासणी करून तिला औषध देतील. परंतु तिच्या शेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी सासू आणि त्याच खोलीत झोपणारी मुले यांची तपासणी व्हायची असेल, तर ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवरील नोंद पाहून आरोग्य कर्मचाऱ्याने तिच्या घरी पोहोचले पाहिजे. पोषणासाठीचे दरमहा १००० रुपयेही या नोंदीशिवाय मिळत नाहीत. डॉक्टर नोंदीचा कंटाळा करतात, हे खरे. ते काम कंपाउंडरला शिकवल्यास बरेच सोपे होते.