तिकीट स्वीडनचं, करार पुण्याचा

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून पुण्यात राहतो. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीकडून ९ लाख ६० हजारांची स्वीडन आणि नॉर्वेची दुर्मिळ टपाल तिकिटं घेतली. तीन वर्षांनी दरसाल १४ टक्के धरून १३ लाख ६३ हजार २०० रुपयांना कंपनीच ती परत घेईल, असा स्टँपपेपरवर करार आहे. मुदत संपून पाच महिने झाले. आता ‘युरोपात मार्केट मंद आहे, ओरिजिनल कागद जमा करून डेन्मार्कच्या तिकिटांचा नवा करार करा,’ म्हणतात. माझा भाचा गोथेनबर्गला नोकरी करतो. त्याने सर्टिफिकेट वाचून सांगितलं की त्यावर ‘न्यूट्रिक १८८५’ असं आहे, म्हणजे पुनर्मुद्रण. बिलावर मात्र ‘स्वीडन १८५५, ओरिजिनल’ लिहिलंय. माझ्या सांगण्यावरून ऑफिसातल्या दोघांनीही पैसे घातले, त्याचे कंपनीने मला १८ हजार दिले होते. नवा करार करू का?

उत्तर : करू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण सही करू नका आणि मूळ कागद हातचे सोडू नका.

भारतीय करार कायद्याचं कलम ६२ असं की, दोन्ही पक्षांनी जुन्याच्या जागी नवा करार केला तर जुना पाळायची गरज उरत नाही. आज कंपनी तुमची देणेकरी आहे. सही केलीत की तुमच्या हाती डेन्मार्कचा अल्बम आणि आणखी एक वायदा. ‘ओरिजिनल जमा करा’ हा आग्रह उगाच नाही.

आता तिकिटाकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर पिवळं तिकीट छापलंय, ते स्वीडनचं तीन स्किलिंगचं (स्किलिंग म्हणजे तिथलं जुनं नाणं). छापायचं होतं निळसर हिरवं, चुकून पिवळं छापलं गेलं. शाळेत जाणाऱ्या एका मुलाने ते व्यापाऱ्याला सात क्रोनरला विकलं आणि १९९६ मध्ये झुरिचच्या लिलावात त्याला २८ लाख ७५ हजार स्विस फ्रँक आले. आजवर असा एकच नग सापडलाय. तो दाखवून दुसरं काहीतरी विकणं म्हणजे कोहिनूरचा फोटो लावून खडे विकण्यातला प्रकार.

तुमच्या भाच्याने बरोबर वाचलं. १८५५ ची स्किलिंग तिकिटं स्वीडनच्या टपाल खात्यानेच पुढे काही वेळा पुन्हा छापली, त्यातली एक छपाई १८८५ ची. ही तिकिटं बनावट नाहीत, संग्राहक ती घेतातही, पण ती १८५५ ची नव्हेत. सर्टिफिकेट देणाऱ्या तज्ज्ञाने आपलं काम चोख केलंय. खोटं आहे ते बिल. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णन सांगून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे.

कंपनीचा वकील म्हणेल, सर्टिफिकेट तीन वर्षं तुमच्याच कपाटात होतं, वाचायचं होतंत. हा बचाव फुसका नाही. माल इतके दिवस ठेवून घेतला की तो स्वीकारला असं धरतात आणि तो परत करण्याऐवजी नुकसानभरपाईच मागता येते. ‘फसवणूक आधी कळलीच नाही’ असं म्हणताना मात्र स्वीडिश भाषेतलं सर्टिफिकेट आणि मराठी माणूस ही जोडी तुमच्या बाजूने बोलेल. भाच्याने सांगितल्याची तारीख कुठे तरी लिहून ठेवा. त्याने ते मेसेजवर कळवलं असेल तर तो मेसेज जपा.

तरीही मी तुमच्या जागी असतो तर लढाईचा मुख्य मोर्चा तिकिटावर उघडला नसता. तिकिटाची किंमत किती, यावर दोन तज्ज्ञ चार वर्षं भांडतील. फासिट या स्वीडिश कॅटलॉगमधला भाव म्हणजे काही रेडीरेकनर नव्हे, लिलावात तिकीट त्याच्या बऱ्याच खाली जातं, आणि कडेचे दाते तुटके, शिक्का गचाळ असेल तर आणखी खाली. तुमचा खरा जोर आहे करारातल्या त्या एका ओळीत : अमुक तारखेला अमुक रक्कम परत. ही ओळ आली की विक्री नावापुरती उरते, ती ठेव होते.

महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, म्हणजे एमपीआयडी, यासाठीच आहे. त्यातली ‘ठेव’ची व्याख्या रुंद आहे, पैसे घेऊन ठरलेल्या मुदतीनंतर रोख किंवा वस्तुरूपात परत करायचे, मग ते कुठल्याही नावाखाली असोत. २०२२ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या मालाच्या बाजाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती रुंद व्याख्याच ग्राह्य धरली. शेळ्या, सागवान, इमू यांत पैसे गुंतवायच्या योजनांतून आपल्याकडची माणसं गेली आहेत, तिकीट त्यातलंच, फक्त जरा सुशिक्षित. कपटाने पैसे थकवले तर सहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्याहून महत्त्वाचं, सरकार कंपनीची मालमत्ता जप्त करू शकतं. स्पेनमध्ये २००६ च्या मे महिन्यात फोरुम फिलातेलिको आणि आफिन्सा या दोन कंपन्यांवर धाडी पडल्या तेव्हा तिकिटांच्या हमी परताव्यात चार लाखांहून जास्त लोक अडकले होते. आपण फक्त तिकिटं विकतो, हा पवित्रा तिथेही होता. दोन्हीकडच्या सूत्रधारांना पुढे शिक्षा झाल्या, पैसे मात्र बहुतेकांचे गेले. म्हणून म्हणतो, जप्ती लवकर.

ग्राहक आयोगाचा विचार मी तूर्त बाजूला ठेवतो. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही आणि तुमचा करार तर परत विकण्याचाच आहे. पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतील.

तुम्ही विचारलं नाहीत तरी १८ हजारांबद्दल बोलतो. कंपनी चालवण्याची जबाबदारी तुमच्याकडे नव्हती, त्यामुळे केवळ ओळख करून दिल्याने तुम्ही संचालकांच्या रांगेत बसत नाही. पण पोलिसांना ते तुमच्या पासबुकातून कळण्यापेक्षा तुमच्या तक्रारीतून कळू दे. त्या दोघांना आजच फोन करा, सर्टिफिकेटचं सांगा, ती रक्कम त्यांना देऊन टाका आणि तिघे मिळून पोलीस आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. तिघांचे सारखेच करार समोर आले की ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून वाटेला लावणं अवघड जातं.

त्याआधी वकिलामार्फत स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. त्यात तिकीट परत द्यायची तयारी दाखवा, रक्कम करारातलीच मागा. ‘मार्केट मंद आहे, नंतर देऊ’ हे मेसेज पुसू नका, देणं कबूल केल्याचा तो पुरावा आहे. दिवाणी दाव्याला कराराची मुदत संपल्यापासून तीन वर्षं मिळतात, त्यातले पाच महिने गेले.

आणि तिकीट तपासायला भाच्याकडे कुरिअरने पाठवू नका. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंधन आहे. कस्टममध्ये अडकलं तर पुरावाही अडकेल. सर्टिफिकेट आणि तिकीट, दोन्हींच्या दोन्ही बाजू स्कॅन करून त्याला पाठवा. तिकीट धरायचं ते चिमट्याने, बोटाने नव्हे. उद्या कंपनी म्हणेल की खराब तुम्हीच केलंत.