‘पिलबॉक्स’ला बंकर म्हणावे का?

इंग्लंडमध्ये शेताच्या कडेला किंवा कालव्याच्या काठी आजही दिसणाऱ्या, दुसऱ्या महायुद्धातील काँक्रीटच्या बुटक्या लष्करी चौकीला, म्हणजे ‘पिलबॉक्स’ला, मराठीत ‘बंकर’ म्हणावे की सरळ ‘गोळ्यांची डबी’, असा प्रश्न एका भाषांतरकाराने विचारला आहे. माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत.

मूळ नावातली गोळी औषधाची आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील फ्लँडर्समध्ये जर्मनांनी उभारलेल्या काँक्रीटच्या बुटक्या चौक्या पाहून ब्रिटिश सैनिकांना औषधाची डबी आठवली. मराठीत मात्र औषधाची गोळी आणि बंदुकीची गोळी यांना शब्द एकच असल्यामुळे ‘गोळ्यांची डबी’ वाचताच डोळ्यांपुढे काडतुसांचा डबा येतो आणि नावामागचे साम्यच हरवते.

‘बंकर’ म्हटले की आपल्याला आठवतो तो सीमेवरच्या गावांतला, तोफमारा सुरू होताच आत उतरायचा आसरा. पिलबॉक्स शत्रूला अडवण्यासाठी होते. फ्रान्समधील डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आल्यावर, १९४० च्या उन्हाळ्यात, जर्मन आक्रमणाच्या धास्तीने ब्रिटिश सेनापती जनरल आयर्नसाइड यांच्या योजनेनुसार नद्या, कालवे आणि रेल्वेमार्ग यांच्या आधाराने संरक्षणरेषा आखल्या गेल्या. त्या काळात पिलबॉक्स आणि तत्सम पक्की ठाणी मिळून सुमारे २८,००० बांधकामे झाली. त्यांपैकी साडेसहा हजारांच्या आसपास टिकली असल्याचा अंदाज आहे.

भिंतींतल्या ज्या फटींतून गोळीबार करायचा, त्यांना आपल्या गडकिल्ल्यांच्या परिभाषेत ‘जंग्या’ असा नेमका शब्द असताना भाषांतरात ‘खिडक्या’ वाचायला मिळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. अनेक षट्कोनी पिलबॉक्समध्ये आत इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी भिंत असते. जंगीतून शिरलेली गोळी उसळून पलीकडच्या सैनिकाला लागू नये, यासाठी ती घातलेली असते. काही पिलबॉक्स बाहेरून विटांचे दिसतात, पण लाकडाच्या टंचाईमुळे शटरिंगच्या फळ्यांऐवजी विटा लावून आत काँक्रीट ओतले गेले असल्याने त्यांना ‘विटांची चौकी’ म्हणणेही चुकीचे ठरेल.

‘मोर्चा’ हा जुना शब्द अर्थाने सर्वांत जवळचा, पण आज तो रस्त्यावरच्या मोर्च्यासाठीच रूढ आहे. आणि ‘बुरूज’ तटाला जोडलेला असतो, तर पिलबॉक्स एकटा उभा असतो. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘पिलबॉक्स, म्हणजे जंग्या ठेवलेली काँक्रीटची बुटकी चौकी’ असे लिहून पुढे ‘पिलबॉक्स’ हाच शब्द ठेवावा. ‘बॉक्स’प्रमाणेच तो पुल्लिंगी चालवावा: तो पिलबॉक्स, ते पिलबॉक्स, पिलबॉक्सच्या जंग्यांतून.