कब्रस्तानाची चावी

प्रश्न : ताई, सलाम. आमच्या गावात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मंडळी आहे, कॅथॉलिकांची वीस-बावीस घरं आहेत आणि चार वर्षांपासून एक नवी प्रार्थनासभाही भरते. जानेवारीतल्या ऐक्याच्या आठवड्यात आम्ही सगळे एकत्र बसून प्रार्थना करतो, चहा पितो. फेब्रुवारी लागला की पुन्हा तोंडं फिरवतो. माझा सख्खा दीर नव्या सभेत गेला, तेव्हापासून त्याचं आमच्याकडं येणं बंद आहे. मी रोज शांतीसाठी प्रार्थना करते; पण नुसतं म्हणून काय उपयोग, असं आता वाटायला लागलंय.
— एक वाचक, अंबड तालुका

उत्तर : सलाम. त्या रोजच्या प्रार्थनेत दिराचं नाव घेता का? 'जगात शांती नांदू दे' म्हणायला काही लागत नाही, मीही वर्षानुवर्षं म्हटलंय. नाव घेतलं की माणूस डोळ्यांपुढं येऊन उभा राहतो, आणि मग आपल्यालाही उठावं लागतं.

माझंच सांगते. मी जालन्यात नर्स होते. घर कब्रस्तानाला लागून, म्हणून फाटकाची चावी आमच्याकडं. मे महिन्यातल्या एका रविवारी तिथल्या अशाच एका नव्या सभेतली म्हातारी वारली. 'त्यांच्या' लोकांना जागा द्यायची नाही, असं आमच्या कमिटीनं आधीच ठरवलेलं. मुलगा चावी मागायला आला. मी म्हटलं, सेक्रेटरींना विचारा. सेक्रेटरी फोन उचलेनात. दुपारी दोनचं ऊन, फाटकाबाहेर टेम्पोत मयत, खाली बर्फाच्या लाद्या आणि त्यांचं पाणी टपटप धुळीत पडतंय. नातू टॉवेलनं आजीच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होता. त्याच दिवशी सकाळी उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना मी चालवली होती. लढाया चाललेल्या चार देशांची नावं घेतली होती. या म्हातारीचं नावही मला ठाऊक नव्हतं.

साडेतीनला मी कुलूप काढलं. दीड तास उशिरा.

कमिटीतले काही जण त्यानंतर माझ्याशी बोलेनात, ते असो. दोन महिन्यांनी मी त्या घरी गेले. सून 'बसा' म्हणाली नाही. पाणी मात्र दिलं. उभ्यानंच प्यायले, 'माझं चुकलं' म्हटलं आणि परत आले. पुढं २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या दिवसाच्या आधी कॅथॉलिक लोक कबरी साफ करायला आले, तेव्हा सुनेला निरोप धाडला : वेडी बाभूळ माजलीय, कोयता घेऊन या. ती आली. दोन तास आम्ही काटे ओढले, बोललो फक्त काट्यांबद्दल. आता फाटकाची दुसरी चावी तिच्याकडं असते.

बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की अर्पण वेदीपुढं ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. ते नीट वाचा. तुझा भावावर राग असेल तर, असं तिथं नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. म्हणजे दीर येत नाही हे खरं असलं, तरी जायचं तुम्ही.

जानेवारीच्या आठवड्याला मात्र नावं ठेवू नका. १९०८ साली अमेरिकेत पॉल वॉटसन या पाद्र्यांनी तो सुरू केला, १८ ते २५ जानेवारी, शेवटचा दिवस संत पौलाच्या परिवर्तनाचा, म्हणजे तो ख्रिस्ताकडं वळला त्याचा. तुमची स्वतःची चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच बघा. सहा चर्च एक होऊन २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात ती झाली, आणि बोलणी सुरू होती १९२९ पासून. ४१ वर्षं माणसं कमिट्यांत बसली, रुसली, पुन्हा बसली. तुमच्या घरात तर चारच वर्षं झालीत.

दिराशी बाप्तिस्म्यावर वाद घालू नका. डोक्यावर पाणी की पाण्यात बुडवून, हा विषय निघाला की चहा गार होतो. तुम्ही आधी जावेकडं जा; तिचा तर पत्रात उल्लेखच नाही. तिला अडलेलं एखादं काम विचारा आणि तेवढंच करून या. आणखी एक विचारते, राग मानू नका : भांडण खरंच सभेचंच आहे ना? आपल्याकडं पुष्कळदा वर धर्म असतो आणि खाली बांध नाहीतर विहिरीची पाळी. तसं असेल तर ते प्रार्थनेखाली झाकू नका. सातबारा काढा, दोघं भाऊ समोरासमोर बसवा, आणि हिस्सा तुमच्याकडं जास्त आला असेल तर सोडा.

जाताना रविवार टाळा. त्यांची सभा दुपारी दोन-दोनपर्यंत चालते, जाऊ घरी सापडायची नाही.