सायकलिंगसाठी कॉफीऐवजी येरबा माते चालतं का? कोणी वापरून बघितलंय का?

चालतं. माते म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाची वाळवलेली पानं, चहासारखी पाण्यात भिजवून पितात. मी पितो, आणि लांब राइडला तर तेच पितो. प्रश्न बघितला आणि लिहायलाच बसलो, कारण आमच्या सोलापूरच्या ग्रुपात यावरून माझी एका सिनियर दादांशी कायमची जुंपलेली आहे. त्यांचं म्हणणं, एन्ड्युरन्स म्हणजे ब्लॅक कॉफी, बाकी सगळा पालापाचोळा. मला कॉफीनं पित्त होतं हे ते ऐकूनच घेत नाहीत.

मागच्या मार्चमध्ये आम्ही विजापूरला जाऊन आलो, येऊन-जाऊन दोनशेच्या आसपास. पहाटे निघताना सगळ्यांनी रिकाम्या पोटी कडक कॉफी मारली, मी माझा सिपर काढला. रात्रीच माते गार पाण्यात भिजत टाकलेलं, सकाळी गाळून वर लिंबू पिळलं. पॅराग्वेत असंच गार पितात, तेरेरे म्हणतात, आणि आपल्या उन्हाला तेच बरं, गरम माते इथं मार्चनंतर घशाखाली उतरत नाही. जाताना सगळेच जोरात होते. परतीला झळकीच्या पुढं ऊन असं चढलं की डांबरातून झळा लागत होत्या, त्यात समोरून वारं, आणि कॉफीवाले दोघं छातीत जळजळतंय म्हणून रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसले. मी घोट घोट पीत भीमेचा पूल ओलांडला, टाकळीत थांबून डब्यातली कडक भाकरी नि शेंगाचटणी खाल्ली आणि घरापर्यंत पाय चालले. दादा म्हणाले, तुझं नशीब. कसलं नशीब, पोट शांत होतं माझं!

बाकी काम करतं ते कॅफिनच, दोन्हीत तेच. किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफिन तासभर आधी घेतलं तर फायदा होतो, म्हणजे 65 किलोच्या माणसाला कमीत कमी 200 च्या आसपास. एवढं एका दमात पाहिजे असेल तर कॉफीच सोपी, कारण मातेच्या कपात साधारण निम्मंच असतं. दहा किलोमीटरची रेस असेल तर मी पण वाद घालणार नाही. पण सहा-सात तास सीटवर काढायचे तर एकदम डोस कशाला, थोडं थोडं जात राहिलेलं बरं. आणि परदेशी पाला पिऊन डोपिंगमध्ये अडकशील म्हणणाऱ्यांना सांगा, कॅफिन 2004 लाच वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदी यादीतून निघालंय. मेस्सी, सुआरेझसारखे फुटबॉलपटू उघड उघड माते पितात.

गरम करायचं असेल तर पाणी उकळतं नको, कडूजहर होतं, 70-75 डिग्री बास. मग जरा निवू द्या, 65 च्या वरचं कुठलंही पेय कॅन्सरच्या दृष्टीनं धोक्याचं असं 2016 ला डब्ल्यूएचओच्या संस्थेनं सांगितलंय. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाबरोबर घेऊ नका, बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारा, आणि संध्याकाळी प्यालात तर झोप गेली. मीठ-साखरेचं पाणी वेगळं पाहिजेच, माते त्याची जागा घेत नाही. इव्हेंटच्या दिवशी पहिला प्रयोग नको, एखाद्या रविवारी तुळजापूरला जाऊन या आणि पोट काय म्हणतंय बघा. तुमच्याही ग्रुपात कोणी कॉफीसाठी मागं लागत असेल तर सरळ सांगा, मला झेपत नाही, विषय संपला. मी दादांना तेच सांगितलंय.